सावलीत हिमनग कशाला?

पर्यावरणाच्या नावाने भरणाऱ्या कलाप्रदर्शनांचे सध्या मोठे पीक आले आहे. पीक येवो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु बियाणे कोठून आणले, जमीन कोणाची आणि कापणी कोणाच्या कोठारात जाणार, हे विचारण्याचा अधिकार ज्या मातीत ते पेरले जाते तेथील माणसांना असला पाहिजे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांच्या सीमेवर, वैनगंगेच्या पश्चिमेस वसलेल्या सावली येथे असे एक प्रदर्शन भरवावे आणि त्यासाठी आपल्या धर्मग्रामांनी सभागृहे, शाळा व स्वयंसेवक द्यावेत, असा प्रस्ताव अलीकडे आमच्यापुढे आला. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. त्यांच्या दृष्टीविषयी मात्र आहे, आणि ती येथे स्पष्ट शब्दांत नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते. कारण उद्या हेच पत्रक आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारी येणार आहे.

पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते. विषय 'हवामान-लवचीकता'. काळ १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. शाळकरी मुलांसाठी चित्रस्पर्धा, तरुणांसाठी प्रतिकृतींचे दालन आणि उद्‌घाटनाच्या दिवशी, प्रमुख पाहुणे येईपर्यंत, 'स्थानिक लोककलेचे सादरीकरण'. पाहुणे येईपर्यंत! या दोन शब्दांत संपूर्ण योजनेचा आत्मा सामावलेला आहे. नमुन्यादाखल जोडलेल्या चित्रांत वितळणारे हिमनग होते, त्यांवर केविलवाणे बसलेले पांढरे अस्वल होते आणि दोन तळहातांवर तोललेला पृथ्वीचा निळा गोल होता. धानाची एक लोंबी कोठे दिसली नाही. तलावाची पाळ नव्हती, मोहाचे झाड नव्हते. प्रतिकृतींसाठी थर्माकोल वापरावा की नाही याविषयी पत्रक मौन बाळगून होते. महाराष्ट्र शासनाने २०१८ सालीच थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली, हे शाळांच्या प्रदर्शनांतून फिरताना आजही कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा त्या मौनाचा अर्थ काय घ्यायचा ते वाचकांनीच ठरवावे.

या प्रस्तावाला विरोध करणारे दुसरेही काही सज्जन आहेत. त्यांच्या पंक्तीत आम्हांला बसवले जाऊ नये म्हणून त्यांचा समाचार आधीच घेतलेला बरा. ते म्हणतात, लोक उन्हात भाजत आहेत, पुरात बुडत आहेत, अशा वेळी चित्रे आणि नाचगाणी कसली? हा युक्तिवाद ऐकायला मोठा करुणामय वाटतो. वास्तविक तो ज्यांच्यासाठी केला जातो त्या माणसांची त्याला ओळखच नाही. धान विकून हाती पैसे आले की नाटकाला जाणारा हा मुलूख आहे. दुष्काळी वर्षातही येथे दंडार उभी राहिलेली आहे. पोट आणि मन यांच्यात अशी आधी-नंतरची रांग लावणारी माणसे बहुधा दोन्ही बाबतींत सुखवस्तू असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू.

झाडीपट्टीची रंगभूमी हे या प्रदेशाचे वैभव आहे, हे सर्वत्र म्हटले जाते. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडची वडसा, हे तिचे केंद्र. तेथे नाटक मंडळ्यांची कार्यालये ओळीने आहेत. गावोगावचे पुढारी येऊन तेथे प्रयोग ठरवतात. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्रभर नाटक चालते. होळीच्या सुमारास हा हंगाम आटोपतो. दंडार आणि खडी गंमत हे तिचे जुने पाय. त्यांच्यावर आजचा पडदा, आजचा संगीत संच आणि आजची वीज उभी आहे. या रंगभूमीची सेवा करणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनाही तिची आठवण झाली.

परंतु या रंगभूमीचा धानाशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते तोच सांगण्यासारखा आहे. नाटकाचा हंगाम कापणीनंतर सुरू होतो, कारण नाटकाला पैसा कापणीतून येतो. दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापून कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात. अशा वेळी अवकाळी पाऊस आला की कडपा भिजतात, दाण्याला कोंब फुटतो, तांदूळ काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. मग त्या गावची मंडई आखडते. दोन नाटकांच्या जागी एक होते, किंवा 'पुढच्या वर्षी पाहू' असे ठरते. गावाने एक रात्र रद्द केली की नट, नर्तिका, पेटीवाला, तबलजी, रंगभूषाकार, पडदेवाला, मंडपवाला, रात्रभर भजी तळणारी विधवा आणि सकाळी सामान वाहून नेणारा हमाल या सर्वांची एक रात्र बुडते. वाचकहो, ऋतू बिघडल्याचा फटका ज्याच्या मानधनावर असा थेट बसतो, तो कलावंत 'हवामान' या विषयावर कला सादर करणारा पाहुणा कसा ठरेल? तो तर त्या विषयाचा साक्षीदार आहे, फिर्यादी आहे. त्याला पाहुणे येईपर्यंत नाचवणे म्हणजे फिर्यादीला न्यायालयाच्या आवारात चहा वाटायला लावण्यासारखे आहे.

म्हणूनच तारखेचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही. १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या ख्रिस्तसभेला दिला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. या दोहोंमधला काळ 'सृष्टीचा काळ' म्हणून जगभर पाळला जातो, आणि वेदीपुढे, मिस्सामध्ये, आपणही तो भक्तीने पाळू. परंतु सावली तालुक्यात या दिवसांत काय चाललेले असते? धान पोटरीला येत असते. पाण्याची एक पाळी चुकली की दाणा पोचट राहतो. निंदण, फवारणी, रात्री-अपरात्री रानडुकरांची राखण यांतून कोणाला सवड नसते. गतवर्षीचे धान्य संपलेले, नवे अद्याप उभे. लहान शेतकऱ्याच्या घरात हे महिने ओढग्रस्तीचे असतात. दंडारीतला गडी त्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा असतो. त्याला हाक मारून स्टेजवर आणायचे असेल तर त्याची मजुरी कोण भरणार? आणि दुसरी मर्यादा पुढे आहे. धानाची मळणी आटोपली की जानेवारीपासून येथील स्त्रिया टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात. तेव्हा प्रदर्शन भरवायचे असेल तर ते भाऊबीज आणि संक्रांत यांच्या दरम्यान, मंडईच्या दिवसांतच भरले पाहिजे. जे पंचांग शेतकऱ्याला कळते त्याच पंचांगाने कलावंत चालतो, कारण येथे बहुधा ते दोघे एकच असतात.

आता त्या शब्दाविषयी. 'लवचीकता' हा शब्द इंग्रजी शब्दाची जागा भरण्यासाठी सरकारी कागदांत आला आणि तेथून पत्रकांत उतरला. त्याचा अर्थ असा सांगतात की संकटाने वाकवले तरी पुन्हा ताठ उभे राहण्याची शक्ती. शक्ती चांगली आहे. ती आमच्या लोकांत नसती तर हे जंगल आणि ही गावे कधीच ओस पडली असती. परंतु बुरुडाला विचारा. बांबू ओला असतो तोवरच लवतो. डेपोत महिनोन्‌महिने वाळलेला बांबू हातात दिला की कितीही कुशल कारागीर असो, बेळ मोडतेच. लवचीकतेची स्तुती करणाऱ्यांनी ओलाव्याची चौकशी आधी करावी. ज्याला वनाधिकार नाही, वेळेवर पाणी नाही, पुराची वेळेवर वर्दी नाही, त्याच्या वाकण्याचे कौतुक करणे हा आम्हांला अत्यंत सोयीस्कर प्रकार वाटतो. ज्यांनी वाकवले त्यांना त्यात काहीच करावे लागत नाही.

हे आम्ही अधांतरी बोलत नाही. २०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला तो या भागात कोणी विसरलेले नाही. मध्य प्रदेशातील धरणातून पाणी सोडले गेले, भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, सावली, पलीकडे देसाईगंज, आरमोरी या तालुक्यांत नदी गावांत व शेतांत शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव चोहोबाजूंनी पाण्याने वेढले गेले. माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. उभे धान कुजले. वर्दी पुरेशी आधी मिळाली नाही, अशी तक्रार तेव्हा नदीकाठच्या लोकांनी केली. गोसीखुर्दची कोनशिला राजीव गांधी यांच्या हस्ते १९८८ साली बसली. त्या वेळी पाण्याचे जे वचन दिले गेले त्याचा बराच भाग कालव्यांअभावी दशकानुदशके कागदावर राहिला, आणि नदीकाठच्या पुष्कळ कुटुंबांना धरणाची पहिली ओळख झाली ती पाण्याने नव्हे तर पुराने. आता कल्पना करा की या पुराचे एक छायाचित्र प्रदर्शनात लावले आहे: छपरावर गाद्या वाळत घालणारी एक बाई, चेहऱ्यावर थोडे हसू, आणि खाली शीर्षक 'जिद्द'. प्रेक्षक हळहळतील, वाखाणतील, पुढच्या चित्राकडे जातील.

आमचे म्हणणे असे की ते चित्र अवश्य लावा, परंतु त्याच्या शेजारी एक तक्ताही लावा. दरवाजे कोणत्या दिवशी, किती वाजता उघडले. गावात दवंडी किती वाजता झाली. पाणी घरात किती वाजता शिरले. पंचनामा कधी झाला. भरपाई कधी व किती मिळाली. हा तक्ता गावच्या नववी-दहावीच्या मुलांनी घरोघर विचारून, आपल्या हस्ताक्षरात, मोठ्या कागदावर करावा. भिंतींवर पाण्याच्या खुणा अजून दिसत असतील तर तेवढ्या उंचीवर प्रदर्शनाच्या सभागृहात गेरूची एक रेघ ओढावी. माणूस त्या रेघेशेजारी उभा राहिला की पाणी आपल्या कोठवर आले असते ते त्याला समजते. या रेघेला रंगपेटी लागत नाही, आणि तिच्यापुढे कोणत्याही पाहुण्याला भाषण करणे कठीण जाईल.

बर्फाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये हवामान परिषद भरली असताना ओलाफुर एलियासन या कलावंताने ग्रीनलंडहून आणलेले हिमनगांचे १२ प्रचंड तुकडे शहराच्या चौकात वर्तुळाकार मांडले होते. लोक येऊन त्यांना हात लावत, कान लावत, आणि बर्फ त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळत असे. पॅरिसमध्ये ते योग्यच होते. ज्या युरोपच्या धुराड्यांनी दोन शतके हवा तापवली, त्याच्या अंगणात त्याचे फळ नेऊन ठेवण्यात कलावंताचे धैर्य होते. तोच हिमनग सावलीच्या मुलाला कागदावर काढायला लावणे म्हणजे काय? या मुलाने बर्फ पाहिला असेल तो गोळेवाल्याच्या गाडीवर. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात पोहोचला, तेव्हा त्याच्या आजीने दुपारभर ओली गोधडी अंगावर घेऊन दिवस काढला असेल. ती गोधडी त्याने का काढू नये? धिटाई दाखवायची तर पॅरिसच्या कलावंताचे अनुकरण त्याच्या बर्फात न करता त्याच्या रीतीत करावे: आपल्या दाराशी जे आहे तेच, ज्यांनी केले त्यांच्या समोर ठेवावे.

हेच वारली चित्रांविषयी. पालघरच्या वारल्यांची ती थोर कला आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु आदिवासी म्हटले की शाळेच्या, पंचायतीच्या, दवाखान्याच्या भिंतीवर वारली नक्षी काढायची, ही सवय आता झाडीपट्टीतही आली आहे. येथे गोंड, माडिया, परधान लोक आहेत, ढिवर, कोहळी, बुरूड आहेत. त्यांच्या घरच्या भिंती, त्यांचे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, त्यांच्या कणग्या आणि ताट्या सोडून पाचसातशे मैलांवरची आकृती गिरवण्यात आपण त्या वारल्यांचाही सन्मान करत नाही आणि आपल्यांचाही.

सावलीला प्रदर्शनाची नवलाई नाही, हेही या मंडळींना ठाऊक नसावे. सावली हे खादीचे जुने केंद्र. १९३६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन येथे भरले होते आणि स्वतः गांधीजी त्यासाठी येथे राहिले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्या अधिवेशननगरीची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली, कारण गांधीजींचा आग्रहच तसा होता. आणि खादी-ग्रामोद्योगांचे जे प्रदर्शन तेथे भरले ते शहरी माणसाने खेड्याकडून शिकावे यासाठी होते. नव्वद वर्षांपूर्वी एवढे साधले. आज आपण फ्लेक्सच्या कमानी बांधून 'शाश्वत जीवनशैली' वर चर्चासत्र भरवणार असू, तर मधल्या काळात आपण पुढे गेलो की मागे, याचा निर्णय करायला विद्वान नकोत.

मग दाखवायचे काय, असे आम्हांला विचारले जाईल. सावली तालुक्यापुरतेच बोलायचे तर आसोला मेंढ्याचा तलाव आहे. इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव आता गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याशी जोडला गेला आहे. पावसाळ्यात त्याचा सांडवा पाहायला माणसांची गर्दी होते, आणि छायाचित्रे काढून ती परत जाते. परंतु त्याहून जुनी आणि त्याहून मोठी कथा लहान तलावांची आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन मिळे; कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा उतार डोळ्यांनी मोजून पाळी घातल्या. पूर्व विदर्भात असे जवळपास सात हजार तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या नावाचे लोकांनी 'मामा' तलाव केले. मामा म्हणायला गोड. परंतु मामाच्या घरी गाळ कोणी काढायचा यावर भाचरांचे एकमत झाले नाही. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणारा पाणकर गेला, पाळीवर बेशरमीचे रान माजले, बोड्या बुजवून त्यांवर घरे झाली. एखाद्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याला बोलावून त्याच्याकडून गावचा तलाव, त्याच्या मोऱ्या, पाट आणि खालच्या बांध्या यांचा नकाशा जमिनीवर राखेने व तांदळाच्या पिठाने काढून घ्यावा. पाणी कोठून येते, कोणाच्या बांधीत आधी जाते आणि कोणाच्या बांधीत कधीच पोहोचत नाही, हे त्या नकाशात दिसेल. कोणाच्या बांधीत पोहोचत नाही हे दिसले की गावात थोडी कुरबूर होईल. होऊ द्यावी.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे नाव किती मुलांना सांगता येईल? थोडीशी जमीन असलेला, अल्पशिक्षित शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत त्यांना धानाच्या काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेचल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, वर्षानुवर्षे निवडत राहिले. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव पडले: एच.एम.टी. आज तो तांदूळ देशाच्या पंक्तीत आहे. आणि दादाजी २०१८ च्या जून महिन्यात वारले तेव्हा त्यांच्या घरी श्रीमंती आलेली नव्हती. हजारो लोंब्यांतून एक ओळखणाऱ्या डोळ्याला कलावंताचा डोळा म्हणायचे नाही तर कशाला? त्यांनी काढलेल्या वाणांच्या मूठमूठ लोंब्या ओळीने टांगल्या तरी एक भिंत भरेल.

आरमोरीकडचे ढिवर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पोसतात. अवेळी ऊन वा पाऊस झाला की अळ्या मरतात आणि मागावर धागा येत नाही. त्या मागावरचे कापड लावाच, परंतु ज्या वर्षी धागा आला नाही त्या वर्षाचा रिकामा मागही लावा. बुरुडांच्या सुपा-टोपल्यांबरोबर बांबूचा हिशेबही लावा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळवला, तेव्हा कोठे त्या ओल्या बांबूला गावाचा मालकी हात लागला. सूप सुंदर दिसते ते केवळ विणीमुळे नव्हे, हे प्रेक्षकाला सांगणे आयोजकाचे काम आहे.

आणि एक विषय असा आहे की जो पत्रक काढणाऱ्यांना बहुधा अमंगल वाटेल. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. चंद्रपूरच्या वाघाची छायाचित्रे जगभर भिंतींवर लागतात. त्या स्त्रियांच्या हातच्या पानांचा एक पुडा कोणत्याही भिंतीवर नाही. उन्हाळा जसजसा कडक होतो तसतशी मजूर बाई अधिक पहाटे रानात शिरते, आणि पहाट ही वाघाचीही वेळ. तेंदूपानांचे शंभर पुडे आणि त्यांची मिळणारी मजुरी, एवढेच एका कोपऱ्यात मांडावे. त्यावर कोणी कविता वाचू नये.

आता घरच्या वादाविषयी. आपल्याच काही धर्मग्रामस्थांचे म्हणणे असे की देवळाच्या सभागृहात दंडार कशी चालेल? तेथे सोंगे असतात, गंमत असते, प्रसंगी चावट विनोद असतो. आम्ही एवढेच म्हणतो की चावटपणा नको असेल तर तो कलावंताशी बसून ठरवता येतो. तो व्यवसायाने कलावंत आहे आणि कोणत्या मंडपात काय शोभते हे आपल्याहून अधिक जाणतो. परंतु दंडारीची सोंगे अमंगल आणि त्याच सभागृहात लग्नाच्या पार्टीत वाजणारी चित्रपटगीते मंगल, हा न्याय आम्हांला उमगलेला नाही. २०१५ च्या जून महिन्यात आलेल्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचे विव्हळणे आणि गरिबांचे विव्हळणे एकाच कानाने ऐकायला सांगितले. ते ऐकायचे तर ज्या भाषेत गरीब विव्हळतो, हसतो, टोमणे मारतो, त्या झाडीबोलीलाच सभागृहात मज्जाव करून कसे भागेल? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा दिला तो वसईच्या मातीच्या भाषेत, तिच्या विहिरी-बावखलांची नावे घेऊन. म्हणून तो लोकांचा झाला. फादर आता आपल्यात नाहीत, २०२४ च्या जुलैत ते गेले. वसईकरांनी आपली केळीची बाग वाचवायला हिमनगाचे चित्र काढले नव्हते, एवढी आठवण त्यांच्या वाचकांना असावी.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरा वाद येथेच होणार हे आम्ही जाणतो. पत्रकात प्रायोजकांसाठी जागा कोरी सोडली होती. चंद्रपूर जिल्ह्यात अशा कोऱ्या जागेवर कोणाचे नाव येते हे सांगायला नको. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आणि आता पलीकडे गडचिरोलीत लोहखनिज. आम्ही सोवळे नाही. त्याच विजेवर आमच्या देवळातला पंखा फिरतो आणि वडशाच्या नाटकाचे दिवे लागतात. बल्लारपूर, घुग्घुस, चंद्रपूर येथील आपली कित्येक कुटुंबे खाणीच्या पगारावर मुलांना शिकवतात; त्या कष्टाच्या पगारातून त्यांनी दिलेला रुपया आम्ही आदराने घेऊ. परंतु कमानीवर खाणीचे नाव आणि खाली 'हवामान' हा विषय, ही जोडी आमच्या आवारात नको. एकदा ती कमान उभी राहिली की आतला पुराचा तक्ता कोण लावू देणार?

तेव्हा आमचा प्रतिप्रस्ताव असा. प्रदर्शन लहान असावे, आपल्या वर्गणीचे असावे आणि चार दिवसांचे असावे, अगहनातल्या एखाद्या बाजाराला जोडून, म्हणजे माणसे आपोआप येतील. मंडप बांबू-ताट्यांचा, बांधणारे बुरूड, आणि त्याचा दाम फ्लेक्सवाल्याला जेवढा दिला असता तेवढाच. पेटीवाल्याला, नर्तिकेला, नकाशा काढणाऱ्या म्हाताऱ्याला शाल-श्रीफळाऐवजी रोख मानधन, पहिल्याच दिवशी, पाकिटात. प्रमुख पाहुणे नसावेत. उद्‌घाटन करायचेच तर सिंचन विभागाच्या एखाद्या अधिकाऱ्याला निमंत्रण द्यावे, सर्वांआधी त्यांना गेरूच्या रेघेपाशी उभे करावे, आणि गावच्या मुलांनी त्यांना तक्ता वाचून दाखवावा. ते आले तर उत्तम. नाही आले तर त्यांची खुर्ची चारही दिवस तेथेच ठेवावी. वर्गणीची वही आमच्याकडे तयार आहे. सप्टेंबरच्या पत्रकाला आम्ही नकाराचे उत्तर पाठवले आहे.